सीलबंद बाटलीतला भरणा

गिरगाव, १ डिसेंबर २०२५

प्रिय रघु,

सप्रेम नमस्कार. गिरगाव ते लालबाग एवढ्याशा अंतरासाठी मी पत्र लिहितो म्हणून आमच्या सूनबाई, अपूर्वा, हसतात. मी त्यांना सांगितलं, आम्ही दोघांनी मिळून शहात्तर वर्षं टपाल खात्याचं मीठ खाल्लं आहे; मी सॉर्टिंगच्या टेबलावर आणि रघु परब पिशवी खांद्याला लावून रस्त्यावर. आता आम्ही व्हॉट्सॲप करणं म्हणजे खानावळवाल्याने शेजारच्या खानावळीत जेवायला जाणं. शिवाय तुला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने तू ऐकत नाहीस, तेव्हा फोनचा उपयोग काय?

माझ्या किडन्यांचं तुला ठाऊक आहेच. भाजल्यावर कातडीला व्रण पडतो तसे आतल्या गाळणीला पडले आहेत, आणि व्रण पडलेला भाग काम करत नाही. परळला एका केंद्रात यावर नव्या औषधाची चाचणी चालू आहे, आणि साठ अर्जांतून माझा अर्ज निवडला गेला. औषध म्हणजे स्टेम सेल. स्टेम सेल म्हणजे ज्यांचं अजून पोस्टिंग झालेलं नाही अशा उमेदवार पेशी. बाळाच्या नाळेतून काढतात आणि सलाईनमधून सोडतात. त्या आत जाऊन दुरुस्तीच्या कामाला लागतात म्हणे. डॉक्टर ऋग्वेदा माझी नात शोभेल एवढी आहे, पण समजावते छान. निम्म्या लोकांना खऱ्या पेशी आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते प्रत्येकाच्या नावाच्या बंद पाकिटात. तिलाही माहीत नाही. हे लागू पडलं तर डायलिसिस टळेल, निदान लांबेल, आणि मला त्या यंत्राची किती धास्ती आहे ते तुला सांगायला नको.

मला खऱ्याच पेशी मिळाल्या आहेत. कशावरून? पहिला डोस तीन नोव्हेंबरला झाला आणि आठवड्याभरात मला सोलकढी प्यावीशी वाटू लागली. मी पाठारे प्रभू, कोलंबीच्या भानोल्यावर वाढलेला माणूस. मला कुळथाची पिठी आठवावी? परवा मी अपूर्वाला "गो" म्हणालो. नाळ कुठली ते गुप्त असतं, पण माझी खात्री आहे, बाळ तुमच्या कोकणातलं आहे.

आता काम. नऊ तारखेला चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवून परळला पोचवायची आहे. त्यावरून दुसऱ्या डोसचं ठरेल. माझे पाय सुजलेले, आणि अपूर्वा ती बाटली चिमट्यानेही धरणार नाही. आयुष्यात एकही टपाल न हरवलेला माणूस मला एकच माहीत आहे. जाशील ना?

तुझा,
मनमोहन विजयकर


लालबाग, ४ डिसेंबर २०२५

मनमोहन यास रघूचा दंडवत.

पत्र तीन दिवसांत आलं. खातं अजून जिवंत आहे.

बाळ आमच्याकडचंच, यात शंका नको. आमच्या हिला, रखमाला, पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कणकवलीच्या खालचा असतला. आता बघ, ते भावजी कोर्टात जाऊक लागतले." तेव्हा शेजाऱ्यांशी जपून. जमिनीचा दावा लावावासा वाटला तर समज की पेशी रुजल्या.

बाटलीचं काम माझं. त्यात विचारायचं काय? अडतीस वर्षं बटवडा केला, एक पाकीट कमी भरलं नाही. २६ जुलैच्या पाण्यात मनीऑर्डरी डोक्यावर घेऊन गेलो होतो, तुझ्या बाटलीचं काय घेऊन बसलास!

माझी तब्येत विचारली नाहीस, तरी सांगतो, फर्स्ट क्लास. व्यायाम नाही, पथ्य नाही, तरी सहा महिन्यांत आठ किलो उतरलो. पँट सुतळीने बांधतो. दिवसाला सहा-सात तांबे पाणी पितो आणि तितकंच बाहेर जातं. किडन्या अशा पळतात की दर तासाला हजेरी. डोळ्यांना जरा धुरकट दिसतं, ते वयाने. गावच्या जत्रेतून गुळाचं खाजं आलंय पाच किलो, त्यातलं अर्धं मीच संपवलं. तुला पाठवलं असतं, पण तुझं पथ्य. माणसाने किडन्या कशा सांभाळाव्यात ते माझ्याकडून शिक.

नऊ तारखेला सकाळी नऊ वाजता येतो.

रघु


लालबाग, ९ डिसेंबर २०२५
(पोस्टकार्ड)

मनमोहन यास,

बाटली पोचली. माप बरोबर. पावती सोबत नाही, नंतर देईन. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

रघु


गिरगाव, २० डिसेंबर २०२५

प्रिय रघु,

तुझं कार्ड पाहून जरा नवल वाटलं. बसमध्ये कोण भेटलं, कोण कोणाला काय म्हणालं हे न लिहिता तू कधी कार्ड संपवलं आहेस? पण ते राहू दे, इथे आभाळ कोसळलं आहे.

माझ्या बाटलीत साखर निघाली. थोडीथोडकी नाही, ऋग्वेदा म्हणाली, सरबत करता येईल इतकी. लगेच माझं रक्त तपासलं. रक्तातली साखर अगदी नॉर्मल! म्हणजे साखर रक्तात वाढलेली नाही, तरी लघवीत उतरते आहे. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की नव्या पेशींनी माझी गाळणीच बिघडवली आणि ती आता चांगली साखरही बाहेर टाकते. त्यांच्या भाषेत हा गंभीर दुष्परिणाम. मोठ्या समितीला कळवलं. चाचणीतल्या बाकीच्या चाळीस पेशंटांचे डोस थांबवले. माझा दुसरा डोस पाच फेब्रुवारीला होता, तोही थांबला. कारण सापडलं नाही तर माझं नाव यादीतून जाणार, आणि मग डायलिसिसच.

घरात तर विचारू नकोस. अपूर्वाची खात्री आहे की मी चोरून गोड खातो. काल तिने माझी गादी उलटी करून पाहिली, देवघरातला खडीसाखरेचा डबा मोजून ठेवला, आणि मी संध्याकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर पाय मोकळे करायला गेलो तर मागून आली. पंधरा वर्षं मी या घरात सासरा आहे, आता आरोपी झालो.

मला काहीच कळत नाही, रघु. बाटली मी स्वतः मोजली, एक लिटर आठशे पन्नास मिली, ते सुवाच्य अक्षरात लेबलवर लिहिलं आणि झाकणावर लाखेचं सील मारलं. माझ्याकडून चूक कुठे झाली?

तुझा,
मनमोहन


लालबाग, २६ डिसेंबर २०२५
(स्पीड पोस्टाने)

मनमोहन,

रजिस्टर पोस्टाने पाठवणार होतो, पण ते आता स्पीड पोस्टात विलीन केलंय. कबुलीजबाब देण्याचीसुद्धा जुनी सोय राहिली नाही.

चूक तुझ्याकडून झाली नाही. म्हणजे झालीच, ते माप तू लेबलवर लिहायला नको होतंस.

बसमध्ये बसायला जागा मिळाली, पिशवी पायाशी ठेवली. भायखळ्याला एक बाई चढली, तिच्या गोणीत बारा नारळ. ड्रायव्हरने ब्रेक मारला, गोणी आली ती थेट आपल्या टपालावर. झाकण निघालं. मी बाटली उचलेपर्यंत एकतृतीयांश माल गेला होता. शेजारचा माणूस म्हणाला, काका, तुमचा उसाचा रस सांडला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणू? ती बाई बिचारी स्वतःच्या रुमालाने पुसायला लागली. तिला मी कसाबसा थांबवला.

परळला उतरलो. लेबलवर तुझ्या अक्षरात एक लिटर आठशे पन्नास, आणि आत बाराशे. अडतीस वर्षांत मी कमी भरलेला नग कोणाच्या दारात ठेवला नाही. घेणारी मुलगी माप बघणार, लेबल बघणार आणि काउंटरवरून ओरडणार, इसमें कम है. समोर सार्वजनिक मुतारी होती. पुढचं तूच समज. दोन फेऱ्या लागल्या, मधे एक चहा. चहावाल्याच्या स्टोव्हवर तुझी लाख पुन्हा वितळवून सील केलं, अंगठा भाजला. माप मिलीला मिली जमवलं.

मला वाटलं, लघवी ती लघवी. दोघंही पेन्शनर, दोघंही मुंबईकर. माझी तर जास्तच चांगली, ठणठणीत माणसाची. तुझा रिपोर्ट त्यामुळे सुधारला असेल असं वाटून मी चार दिवस खुशीत होतो.

डॉक्टरणीला सगळं सांगून टाक. तुझं नाव जाता कामा नये. मला काय शिव्या द्यायच्या त्या लेखी दे.

रघु


गिरगाव, १४ जानेवारी २०२६

रघुनाथ परब,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, कारण खाली आहे.

एकोणीस दिवस मी तुला लिहिलं नाही. सीलबंद वस्तू वाटेत फोडून तीत स्वतःचा माल भरणं, याला खात्यात काय शिक्षा होती ते तुला आठवतं का? बडतर्फी. मी रोज लिहायला बसायचो, तुझं नाव लिहायचो आणि कागद फाडायचो. मग तो चहावाला आठवायचा आणि हसू यायचं. हसू आलं की पुन्हा राग यायचा. अपूर्वाला खरं कळल्यावर ती चार दिवस माझ्याशी फार गोड वागली, खडीसाखरेचा डबाही परत जागेवर आला.

आठ तारखेला ऋग्वेदाला सगळं सांगितलं. ती आधी इतकी हसली की नर्स धावत आली. मग तिने विचारलं, "काका, मग ती साखर कोणाची?"

रघ्या, तुला डायबेटीस आहे. तहान, उतरलेले आठ किलो, धुरकट डोळे. तुझं चार डिसेंबरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं पुस्तकात पण एका जागी मिळत नाही. माझ्या किडन्या ब्लडप्रेशरने गेल्या. साखरेने त्या त्याहून लवकर जातात, आणि जाताना कळवत नाहीत.

आता माझ्या मतलबाचं. समितीने अट घातली आहे. साखर दुसऱ्या माणसाची हे नुसतं तोंडी चालणार नाही. त्या माणसाने परळला येऊन स्वतःचं रक्त आणि लघवी द्यायची. जुळलं तर पाच फेब्रुवारीला मला डोस. नाही आला तर माझं नाव कमी. तेव्हा वीस तारखेला, मंगळवारी, उपाशीपोटी जायचं.

मनमोहन


लालबाग, १९ जानेवारी २०२६

मनमोहन यास,

मंगळवारी जमणार नाही. मंगळवारी मी रक्त काढत नाही. बुधवारी शेजारच्या धनेशच्या पोरीचं बारसं. गुरुवारी गॅस यायचा आहे.

खरं सांगू? आमचा सीताराम काका आठवतो ना, चिंचपोकळीला राहायचा? पासष्टीपर्यंत घोड्यासारखा. मग कोणी तरी त्याला शिबिरात नेऊन साखर तपासली. झालं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. जोवर तपासलं नव्हतं तोवर त्याला काही नव्हतं. आमच्या घरात आजार असा येतो, डॉक्टर नाव घेतो तेव्हा. मी नाव घेऊ देणार नाही.

समितीला मी लेखी देतो. शंभराच्या स्टँप पेपरवर, की सदर साखर माझीच. खाली सही, रखमाची साक्ष. वाटलं तर खाज्याचा नमुना सोबत जोडतो. एवढ्यावर भागवून घे.

रखमा रोज म्हणते, जावा. मी म्हणतो, जातो. तू तरी समजून घे.

रघु


गिरगाव, २३ जानेवारी २०२६

रघु,

स्टँप पेपरला साखर नसते.

चाळीस वर्षांच्या ओळखीत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. बाटली न्यायला सांगितली, ते सोड. आता मागतो. सुई तुला टोचणार आहे, पण चाचणीतली खुर्ची माझी जाणार आहे. पाच तारखेला ती रिकामी राहिली तर मी यंत्राला बांधला जाईन, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, आणि त्या प्रत्येक तासाला तुला गुरुवारचा गॅस आठवेल. यापुढे या विषयावर मी पत्र लिहिणार नाही.

मनमोहन


लालबाग, ४ फेब्रुवारी २०२६

मनमोहन विजयकर,

तू एक नंबरचा खोटारडा आहेस.

काल गेलो. उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून, रखमाला सोबत घेऊन. डोळे मिटून हात पुढे केला. सुई गेली हे रखमाने सांगितल्यावर कळलं. म्हटलं, माझं काही होवो, मनमोहनची खुर्ची राहू दे. आज रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा तुझ्या ऋग्वेदाला विचारलं, उद्या विजयकरांना डोस किती वाजता? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "काकांचं नाव आठ जानेवारीलाच निघालं. नमुन्यात भेसळ झाली की नियमच आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

समितीने अट घातली म्हणे! कसली अट? तू संक्रांतीला ते पत्र लिहिलंस तेव्हा तुझी खुर्ची जाऊन सहा दिवस झाले होते. चाचणीत घेतानाच तिने सांगितलं होतं ना तुला, की नमुन्यात भेसळ निघाली तर नाव जाईल? तरी खरं बोललास. आणि मला यंत्राची, चार-चार तासांची भीती घातलीस. मी तीन रात्री जेवलो नाही, ते खाज्यामुळे नव्हे.

साखर उपाशीपोटी दोनशे शहाऐंशी. तीन महिन्यांची सरासरी अकराच्या वर. डोळ्यांत सुरुवात झाली आहे, थांबवता येईल. किडन्या थोड्या पाझरतायत, पण व्रण अजून धरलेले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, आणखी दोन-चार वर्षं असंच चाललं असतं तर मीही तुझ्यासारखाच अर्ज घेऊन आलो असतो. गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. उरलेलं खाजं रखमाने शेजाऱ्यांना वाटलं, माझ्यादेखत.

बाहेर आल्यावर रखमा म्हणाली, "भावजींनी तुमका फसवल्यानी, म्हणान तुमचो पाय रवलो." मी तिच्याशीही बोलत नाही. तुझी जागा माझ्यामुळे गेली. हे मी कुठे नेऊन ठेवू ते सांग.

रघु


गिरगाव, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय रघु,

कुठे नेऊन ठेवायचं नाही. आलं तसं परत पाठव, घेणारा घ्यायला तयार नाही.

हो, तिने आधी सांगितलं होतं. पण चाळीस माणसांचे डोस तुझ्या सरबतावर अडकले होते. त्यांच्यातली एक बाई करी रोडची आहे, दर वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची, बत्तीस वर्षांची. मी काय तोंड मिटून बसणार होतो? दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं सुरू झालं.

आणि तुझं म्हणशील तर, तू स्वतःसाठी कधी गेला नसतास. माझ्यासाठी जाशील याची मला खात्री होती, म्हणून खोटं लिहिलं. आयुष्यात एवढा मोठा खोटेपणा मी केला नव्हता आणि लिहिताना मला अजिबात लाज वाटली नाही.

आता हस. नाव निघालं म्हणून नियमाप्रमाणे माझं बंद पाकीट फोडलं. मला मिठाचं पाणी दिलं होतं. ती सोलकढी, ती पिठी, ते "गो", सगळं माझं स्वतःचं! चाळीस वर्षं तुझ्या डब्यात हात घातल्याचा परिणाम, दुसरं काय. अपूर्वा म्हणते, जेवणात चिमूटभर मीठ घालू देत नाहीत आणि शिरेतून बाटलीभर दिलं.

ऋग्वेदा म्हणते, चाचणी यशस्वी झाली तरी औषध सर्वांना मिळायला वर्षं लागतील, आणि माझ्या किडन्यांकडे तेवढा वेळ नाही. डायलिसिससाठी हाताची शीर आताच छोटं ऑपरेशन करून तयार ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. मी नाही म्हणालो. सुजून सुजून जे व्हायचं ते होऊ दे, मी यंत्राला हात देणार नाही. अपूर्वा रडली, तिच्यावरही ओरडलो. यावर तू मला काही लिहू नकोस.

तुझी साखर मात्र दर आठवड्याला कळवायची.

तुझा,
मनमोहन


लालबाग, १३ फेब्रुवारी २०२६

प्रिय मनमोहन,

सप्रेम दंडवत. यंत्रावर लिहू नको म्हणालास म्हणून लिहीत नाही. एक सरकारी निरोप कळवायचा आहे.

माझी साखर काल एकशे नव्वदवर आली. गोळ्या चालू आहेत, रोज भारतमाता टॉकीजपर्यंत चालून येतो. परंतु आमच्या इथल्या समितीने अट घातली आहे. मनमोहन विजयकर यांनी हाताच्या शिरेचं ऑपरेशन या महिनाअखेरपर्यंत करून घेतलं, तरच रघु परब यांच्या गोळ्या चालू राहतील. न केल्यास गोळ्या बंद, चालणं बंद, आणि शेजाऱ्यांकडून खाजं परत मागवण्यात येईल.

समितीचं पत्र माझ्याकडे आहे, ते दाखवता येत नाही. समितीत कोण कोण आहे ते विचारू नकोस. मी आणि रखमा.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळी साडेसातला गिरगावात येतो. तुझा दुसरा हात धरून बसेन. यंत्रावर जाशील तेव्हाही येईन, तिन्ही दिवस, चारही तास. मला पेन्शन आहे आणि एका कानाने ऐकू येत नाही, तेव्हा हवं तेवढं ओरड.

तुझा,
रघु